एका घोटात चार गोळ्या

२ मार्च

धाकटे,

आशीर्वाद मागाहून, आधी तक्रार. परवा तुझा फोन आला, मी 'हॅलो' म्हटलं आणि तू विचारलंस, "कोण, दादा का?" अगं बये, दादा नव्हे, तुझी थोरली जाऊ बोलत होती. गळ्यातली ग्रंथी काढताना आवाजाच्या नसेला धक्का बसू शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तसा तो बसलाय. आवाज परत येईल म्हणतात, कधी येईल ते सांगत नाहीत. तोवर माझं बोलणं म्हणजे पंक्चर झालेल्या टायरचं फुसफुसणं. दोन वाक्यांत घसा बसतो. तेव्हा आता पत्रं. तुला लिहायचा कंटाळा आहे हे ठाऊक आहे मला, पण गिऱ्हाइकाच्या डोक्यावर रंग चढेपर्यंत नुसती बसून असतेसच ना पार्लरमध्ये? तेव्हा लिही.

बाकी गाठ साधी निघाली, एवढं एक देवाने राखलं. पण थायरॉईडची ग्रंथी सगळीच काढली, त्यामुळे ती जे बनवायची ते आता गोळीतून घ्यायचं, जन्मभर. सकाळी उठल्या उठल्या, उपाशी पोटी. शिवाय ऑपरेशननंतर हातापायांना मुंग्या यायला लागल्या म्हणून कॅल्शियमची गोळी. रक्त कमी म्हणून लोहाची गोळी. सकाळी ओट्यापाशी उभी राहते आणि कुठली घेतली, कुठली राहिली, काही आठवत नाही. शिवणाच्या कारखान्यात चाळीस थर कापड एकावर एक मांडून एका फटक्यात कापणारी बाई मी, आणि तीन गोळ्यांचा हिशोब लागत नाही म्हणजे बघ.

आणि केस! कंगवा फिरवला की मूठभर. वेणी घालायला आता बोटांना काही सापडतच नाही. तू हे काम करतेस, तूच काहीतरी सुचव. आमचे हे, म्हणजे तुझे दादा, म्हणतात टोपी घाल. ते चालवतात त्या शाळेच्या बसमधल्या पोरांनाही ते असलेच सल्ले देत असतील.

तुझी,
थोरली

१० मार्च

जाऊबाई,

नमस्कार. तुमचा आवाज दादांसारखा वाटला ही माझी चूक, पण तुमचा दरारा तोच राहिला, एका वाक्यात मला घाम फोडलात.

पत्रासोबत पार्सल पाठवते आहे. त्यात दोन वस्तू आहेत. एक म्हणजे केसांची गोळी. बायोटिन, ब-जीवनसत्त्वातलाच प्रकार. साधी नाही हं, जास्त ताकदीची आहे. माझ्याकडच्या निम्म्या बायका हीच घेतात आणि चार महिन्यांत केस असे येतात की मलाच कापून कंटाळा येतो. दुसरी म्हणजे डबी. सात वारांचे सात कप्पे आहेत. तुमच्या बाकीच्या गोळ्यांची नावं दादांना फोन करून विचारली, इथल्या दुकानातून आणल्या आणि प्रत्येक कप्प्यात चारही माझ्या हाताने भरल्या. थायरॉईड, कॅल्शियम, लोह आणि केसांची. तुम्ही फक्त त्या वाराचं झाकण उघडायचं आणि एका घोटात सगळ्या आत. विसरायचं कामच नाही. दर महिन्याला भरून पाठवत जाईन, डबीच्या जोडीला पुढच्या आठवड्यांच्या पुड्याही बांधून देते.

आणखी एक. केसांच्या गोळीचं डॉक्टरांना सांगत बसू नका. जीवनसत्त्व म्हटलं की नाक मुरडतात ते. हे काही औषध नव्हे, दुकानात कोणालाही मिळतं. उगीच ओरडा कशाला खायचा?

मला तुमची काळजी वाटते. लग्न होऊन आले तेव्हा साधी सुई ओवता येत नव्हती मला, तुम्ही शिवण शिकवलंत, बोलणी खायला लावली नाहीत कधी कोणाची. मला दुसरं माहेर नाही, तुम्हीच आहात. म्हणून नीट गोळ्या घ्या, माझी शपथ आहे.

तुमची,
धाकटी

२० एप्रिल

धाकटे,

डबी छान आहे. शपथ घातलीस म्हणून एकही दिवस चुकवला नाही. सकाळी झाकण उघडते, चारही तोंडात टाकते आणि पाणी पिते. पंधरा मिनिटांनी चहा. तुझे दादा म्हणतात, आता घड्याळही तुला बघून लावावं.

पण बाई, काहीतरी बिनसलंय. रक्त तपासलं. रक्त द्यायच्या आधी थायरॉईडची गोळी घ्यायची नसते म्हणून तेवढी काढून ठेवली आणि बाकीच्या घेऊन गेले. रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "अहो, तुमच्या अंगात हार्मोन जास्त झालंय, गोळी कमी करतो." म्हणजे रिपोर्टाप्रमाणे माझं इंजिन भरधाव सुटलंय. छातीत धडधडायला हवं, घाम फुटायला हवा, वजन उतरायला हवं. मी म्हटलं, डॉक्टर, मला चप्पल घालायला अर्धा तास लागतो, तोंड सुजलंय, या उकाड्यात मी स्वेटर घालून बसले आहे, दिसत नाही का? ते म्हणाले, ऑपरेशनचा शीण असेल, वयही बदलतं आहे. आणि कागदावर बोट ठेवलं. कागदापुढे माझं काय चालणार?

आता जे सांगते ते कोणाला बोलू नकोस. गेल्या आठवड्यात शाळेच्या गणवेशाचं कापड होतं. चाळीस थर मांडले, खडूने आखलं, मशीन फिरवलं. कापून झाल्यावर मुली बाह्या जोडायला बसल्या आणि एक म्हणाली, मावशी, या सगळ्या उजव्याच आहेत. सगळ्या! कापड दुमडायचं विसरले होते. सतरा वर्षांत कधी झालं नाही असं. मालकीणबाईंनी बाह्या मोजून बाजूला ठेवल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कापडाकडे बघत उभी राहिले आणि चूक कुठे झाली तेच मला कितीतरी वेळ उमजेना, हे त्याहून वाईट.

माझ्या आईचं तुला माहीत आहे. माझ्याच वयाची होती. आधी मंद झाली, मग कोपऱ्यात बसून राहायला लागली, मग नाही नाही ते बोलायला लागली, आणि एके दिवशी मामाने तिला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडलं ते सोडलंच. तिथून ती परत आली नाही. मला दिवसरात्र तेच दिसतं. धाकटे, मी आईच्या वाटेने चालले आहे का? खरं सांग, माझ्या पत्रात वेडेपणा दिसतो का तुला?

थोरली

२८ एप्रिल

जाऊबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि मग तुमचाच राग आला. कसला वेडेपणा? चाळीस उजव्या बाह्या कापल्यात म्हणून? मी परवा एका नवरीच्या भुवयांपैकी अर्धी भुवई उडवली, मी कुठे वेडी झाले?

पण माझं थोडं ऐका. रिपोर्ट काही खोटं बोलत नाही हो. हार्मोन उलट जास्तच आलंय, म्हणजे गोळी लागू पडते आहे, मग हा त्रास शरीराचा नसणार. मनाने घेतलंय तुमच्या. आईचं डोक्यात घेऊन बसलात की पाय जड होणारच. जरा बाहेर पडा, दादांबरोबर संध्याकाळी फिरून या, बाकावर बसून माणसं बघा.

डबी भरून पाठवली आहे. कमी केलेली थायरॉईडची गोळी घातली आहे. केस अजून गळतात असं दादा म्हणाले, म्हणून केसांच्या गोळ्या या वेळी दोन दोन घातल्या. सगळं नीट होईल. मी आहे ना.

तुमची,
धाकटी

३० मे

धाकटे,

हात जड आहे म्हणून अक्षर असं आलंय.

परत रक्त दिलं. परत जास्त आलं. पहिल्यापेक्षाही जास्त. परत गोळी कमी केली, आता सुरुवातीच्या निम्मी.

कामावर जात नाही. मालकीणबाईंनी मशीनवरून काढून बटणांच्या टेबलाशी बसवलं. तिथे मला झोप लागायची. मग त्या म्हणाल्या, घरी आराम करा.

थंडी वाजते. सगळ्यांकडे पंखे चालू आहेत आणि मला थंडी वाजते. जीभ तोंडात मावत नाही असं वाटतं. काल आई स्टुलावर बसली होती. ती नव्हती हे मला कळतं. पण बसली होती.

हे फोनवर हळू आवाजात कोणाशी तरी बोलतात. मी आले की ठेवतात. मला कळलंय. मला तिकडे नेणार आहेत.

धाकटे, तुझ्याकडे आजवर मी काही मागितलं नाही. आज मागते. मला तिकडे पाठवू देऊ नकोस. मी गेले तर परत यायची नाही. तुझे दादा तुला विचारल्याशिवाय काही करायचे नाहीत, तुझं ऐकतात ते. विचारलं तर नाही म्हण. मला घरातच मरू दे. नाही म्हण. एवढंच.

थंडी वाजते.

थोरली

६ जून

चि. धाकटीस,

मी कधी पत्र लिहीत नाही, हे तुला माहीत आहे. फोनवर बोललो तर तिला ऐकू जातं. तिला वाटतं मी तिच्याविरुद्ध काही कट करतो आहे. म्हणून बस डेपोत लावून इथेच स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितो आहे.

ती बरी नाही. दिवसभर पलंगावर असते, दोन पांघरुणं आणि स्वेटर. विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागतो की मी प्रश्न विसरतो. परवा मी कामावरून आलो तर घरभर गॅसचा वास. शेगडीचं बटण उघडं, काडी पेटवायची राहिलेली, आणि ही शेजारी उभी. मी खिडक्या उघडल्या आणि ओरडलो तिच्यावर. बावीस वर्षांत पहिल्यांदा ओरडलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आईला चहा हवा होता.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे. ते म्हणतात रक्तात दोष नाही, असलाच तर उलट्या बाजूचा आहे आणि त्यासाठी गोळी कमी केलेली आहे. तेव्हा हा मनाचा आजार, मनोरुग्णालयात दाखल करा. चिठ्ठी तीन दिवस माझ्या खिशात आहे. मला तिच्या आईचं माहीत आहे. हिला तिथे नेऊन सोडायचं म्हटलं की मी चिठ्ठी काढतो आणि घडी घालून परत ठेवतो. आणि घरात ठेवली तर मी कामावर असताना एखाद्या दिवशी घर पेटेल आणि ती आत असेल.

आम्हाला मूलबाळ नाही. धाकटा म्हणतो, तिच्या बाबतीत माझ्यापेक्षा माझ्या बायकोला जास्त कळतं. खरंही आहे ते. म्हणून तुला विचारतो. तू हो म्हणालीस तर नेतो. नाही म्हणालीस तर नेत नाही, नोकरी सोडून घरी बसतो. मला एकट्याला ठरवता येत नाहीये, बाई.

दादा

१० जून

दादांस,

सा. न.

दोन दिवस पत्र हातात घेऊन नुसती हिंडते आहे. जाऊबाईंनी मला आधीच लिहिलं होतं. नाही म्हण म्हणाल्या होत्या. हात जोडूनच म्हणाल्या म्हणा ना.

गॅसचं वाचलं आणि मी आधी उठून माझीच शेगडी बंद आहे ना ते बघून आले. दादा, न्या त्यांना. हो. मी हो म्हणते. तुम्ही नोकरी सोडलीत तरी चोवीस तास डोळ्यात तेल घालून कोण बसणार? तिथे निदान माणसं असतील लक्ष ठेवायला.

मी हो म्हणाले हे त्यांना सांगू नका. पाया पडते तुमच्या. माझं नाव घेऊ नका.

धाकटी

१७ जून

चि. धाकटीस,

हे पत्र हॉस्पिटलमधून. मनोरुग्णालयातून नाही, मोठ्या हॉस्पिटलमधून. ती अतिदक्षता विभागात आहे. आधी हे वाचून घे आणि मग खाली बस.

मी तिला टॅक्सीतून नेली. ती विरोध करेल, रडेल म्हणून मन घट्ट करून निघालो होतो. तिने दार धरलं असतं, मला शिव्या दिल्या असत्या तर मी टॅक्सी वळवली असती. ती नुसती बसून राहिली. मला वाटलं, शहाण्यासारखी तयार झाली.

तिथे दाखल करून घेणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. मी फाईल पुढे केली, त्यांनी टेबलावर ठेवली, उघडलीच नाही. आधी तिचा हात हातात घेतला. मग गाल. मग मला म्हणाल्या, "या कधीपासून इतक्या गार आहेत?" तिला खुर्चीवर गुडघ्यांवर टेकवलं आणि टाचेच्या वर लहानशी हातोडी मारली. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला त्याला इतका वेळ लागला की मलासुद्धा दिसलं. नाडी मोजली. थर्मामीटर दोनदा लावलं, कारण पहिल्यांदा त्यांचाच विश्वास बसेना. मग फाईल उघडून रिपोर्ट बघितले आणि त्या चिडल्या. म्हणाल्या, "हा कागद म्हणतो हार्मोन उतू चाललंय, आणि या बाईच्या अंगात तर थेंब नसल्यासारखं दिसतंय. यांना वेड लागलेलं नाही. या थंड पडत चालल्या आहेत. अजून दोन दिवस घरी राहिल्या असत्या तर झोपेतच गेल्या असत्या." त्यांनीच ॲम्ब्युलन्स बोलावली. चाकं हलायच्या आत ती बेशुद्ध झाली.

इथे मला विचारलं, घरी त्या पोटात काय काय घेतात, सगळं घेऊन या, दुकानातलंसुद्धा. मी डबी आणून दिली. ती बघून इथल्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

ते मला जसं समजलं तसं सांगतो. थायरॉईडची गोळी एकटीच घ्यायची असते. कॅल्शियम आणि लोह तिच्यासोबत पोटात गेलं की ते तिला धरून ठेवतात, अंगात शिरू देत नाहीत. मध्ये चार तास तरी जायला हवेत. म्हणजे ती रोज गोळी घ्यायची आणि तिला मिळत जवळपास काही नव्हतं. आणि केसांची ती बायोटिनची गोळी शरीराला काही करत नाही, पण रक्त तपासणाऱ्या यंत्राला फसवते. कमी असेल तर जास्त दाखवते. रक्त द्यायच्या आधी ती काही दिवस बंद ठेवायला हवी होती, आणि आपली ही तर त्याच सकाळी ती गिळून गेली होती. यंत्र म्हणालं जास्त, म्हणून डॉक्टर कमी करत गेले. ती सांगत होती त्रास होतो, आणि आपण सगळे कागद वाचत होतो.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. डबी मीही रोज बघत होतो. डॉक्टरांनीही दुसरं काही घेता का म्हणून विचारलं नाही. पण तुला कळायला हवं, कारण आता डबी भरून पाठवू नकोस.

शिरेतून औषध चालू आहे. शुद्धीवर येईल की नाही, आल्यावर कशी असेल, कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही.

दादा

२५ जून

जाऊबाई,

दादा म्हणाले, तुम्ही डोळे उघडलेत. पाणी मागितलंत. मला ओळखाल का, हे पत्र कोणी वाचून दाखवेल का, मला माहीत नाही, तरी लिहिते.

मी केलं हे. माझ्या हाताने. प्रत्येक कप्प्यात माझ्या या बोटांनी घातल्या, एकही चुकू नये म्हणून दोनदा मोजून. आणि केस गळतात म्हणून दोन दोन घातल्या. तुम्ही ओरडून सांगत होतात आणि मी तुम्हाला बाकावर बसून माणसं बघायला सांगत होते. डॉक्टरांपासून लपवायलाही मीच शिकवलं. पार्लरमधल्या सगळ्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या, गिऱ्हाइकं विचारतात तर नुसतं रडू येतं.

तिकडे यायला दोनदा बॅग भरली. दादाही ये म्हणतात. पाय उचलत नाहीत. कुठल्या तोंडाने येऊ तुमच्याकडे? तुम्ही मला काहीही म्हणा, पण बऱ्या व्हा. बऱ्या झालात की मला मारा. मी तुमच्यासमोर उभी राहीन, हूं की चूं करणार नाही.

धाकटी

९ ऑगस्ट

धाकटे,

अक्षर बघ, जागेवर आलंय. डोळे उघडल्यापासून सहा आठवडे लागले. त्यातले पहिले दोन मला आठवत नाहीत, त्यामुळे त्यांचा काही त्रास नाही.

तुझं पत्र ह्यांनी मला तीन वेळा वाचून दाखवलं. पहिल्या वेळी मी झोपले, दुसऱ्या वेळी कोणाबद्दल आहे ते कळलं नाही, तिसऱ्या वेळी कळलं आणि मी हसले. हो, हसले. हूं की चूं करणार नाही म्हणे! तू? तुझं तोंड बंद राहील या कल्पनेने मला इतकं हसू आलं की नर्स धावत आली.

तेव्हा गोळ्यांचं ऐक. ते मी माफ केलं असं लिहायलाही मला लाज वाटते, कारण माफ करण्यासारखं त्यात काही नाही. तू मला जगवायला डबी भरत होतीस. आता कसं आहे, तेही सांगते, म्हणजे तुझ्याकडच्या बायकांनाही सांगशील. पहाटे उठून एकटी थायरॉईडची गोळी, साध्या पाण्याबरोबर. तासभर चहासुद्धा नाही, हा तास मला खायला उठतो. कॅल्शियम दुपारी जेवणानंतर. लोह रात्री झोपताना. पुन्हा रक्त तपासायला गेले तेव्हा तिथल्या माणसाला आधी सगळी यादी तोंडपाठ म्हणून दाखवली, तो बिचारा सुई हातात धरून ऐकत उभा. रिपोर्टात अजून कमीच आहे, पण या वेळी कागद आणि मी एकच गोष्ट सांगतो आहोत. केस गेले ते गेले. येतील तेव्हा येतील. मालकीणबाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून अर्धा दिवस या. मशीनवर नाही, आखणीवर. चालेल मला.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी एक दिवस आईबद्दल विचारलं. तिचा गळा सुजलेला होता का, तिला थंडी वाजायची का. मला सांगता आलं नाही. तिला कोणी हात लावून बघितलंच नव्हतं, मीही नाही. त्या दिवशी मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यावर आणखी लिहिणार नाही.

आता खरं पत्र सुरू होतं.

परवा हे सफरचंद कापत बसले होते. भोळा माणूस आहे, तुला माहीत आहेच, पोटात काही ठेवता येत नाही. मी म्हटलं, तुम्ही मला तिकडे नेलंत म्हणून मी वाचले, घरी ठेवली असतीत तर संपले होते. तर म्हणाले, "माझं कसलं? माझी हिंमतच होत नव्हती. धाकटीने हो म्हटलं म्हणून नेलं." आणि सुरी खाली ठेवली. तुझं नाव घ्यायचं नव्हतं, हे त्यांना तेव्हा आठवलं, आणि तेही सांगून बसले.

मी सफरचंद खाल्लं. रात्री मला राग आला. किती महिन्यांनी आला, सांगू का? त्या आजारात राग येत नाही ग, रडूही येत नाही, सगळं कापसात गुंडाळल्यासारखं असतं. त्या रात्री अंग तापलं माझं, कान गरम झाले. एका परीने बरंच वाटलं. मग वाईट वाटलं, ते अजून चालू आहे.

धाकटे, मी तुला लिहिलं होतं. हात उचलत नव्हता तरी लिहिलं होतं. शेगडीचं बटण मला आठवत नव्हतं, पण ते पत्र लिहिलेलं मला लख्ख आठवतं. डोक्यातलं सगळं विझत चाललं होतं, त्यात शेवटचं एक शहाणपण उरलं होतं ते मी तुझ्याकडे पाठवलं, की ही मला धरून ठेवील. आणि तू हो म्हणालीस. वर माझं नाव घेऊ नका म्हणालीस.

आता तू म्हणशील, हो म्हणाले म्हणूनच त्या डॉक्टरीणबाईंच्या हाती लागलात. अगं, कळतंय मला, आता डोकं चालतंय माझं. तू माझं ऐकून नाही म्हणाली असतीस, तर मी माझ्या घरात, माझ्या पलंगावर, दोन पांघरुणांखाली मेले असते, आणि तू जन्मभर म्हणाली असतीस की जाऊबाईंचा शब्द मी मोडला नाही. तू मोडलास म्हणून मी इथे बसून तुला शिव्या घालते आहे. हे सगळं मी कितीदा उलटसुलट करून बघितलं. तू माझा जीव वाचवलास, आणि तू मला सोडून दिलंस. दोन्ही एकाच 'हो'मध्ये केलंस. आणि तू हो म्हणालीस तेव्हा यातलं तुला काहीच माहीत नव्हतं. तुला वाटत होतं, मी आईसारखीच परत न येण्यासाठी चालले आहे, तरी तू हो म्हणालीस.

हे मला गिळता येत नाहीये, आणि तुझ्याशिवाय राहताही येत नाहीये. ह्यांना विचारलं, काय करू? ते म्हणाले, तिला बोलाव. तेवढंच येतं त्यांना, पण या वेळी बरोबर बोलले.

बॅग भरतेस आणि सोडतेस म्हणे. ती पुरे झाली नाटकं. ये. तुला बघितल्यावर मी तुला पोटाशी धरीन की तुझ्या झिंज्या धरीन, ते मला आज सांगता येत नाही. दोन्हींची तयारी ठेवून ये.

तुझी,
थोरली